कुत्रा अन्नाला तोंड लावत नाहीये? आधी कुत्र्याकडे बघा, भांड्याकडे नंतर

पहिल्यांदाच कुत्रा पाळलेल्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट हीच, कालपर्यंत भांडं चाटूनपुसून लख्ख करणारा प्राणी आज येतो, वास घेतो आणि तोंड फिरवून निघून जातो. मग घरात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते नखरे आहेत सगळे, भूक लागली की खाईल झक मारत. दुसरी लगेच फ्रीज उघडते आणि चिकन, अंडं, चीज, जे हाताला लागेल ते त्याच्या नाकासमोर धरत बसते. कधी पहिली पार्टी बरोबर असते, कधी दुसरी, आणि बऱ्याचदा दोन्ही चुकतात, कारण "खात नाही" म्हणजे नक्की काय हेच कोणी बघितलेलं नसतं.

त्याला खायचंच नाहीये? की खायचंय पण जमत नाहीये? की याच्यापेक्षा भारी काहीतरी येणारे म्हणून साहेब वाट बघतायत? ही तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि तिघांवरचा उपाय वेगळा आहे. डॉक्टरसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारतात आणि तिथे "माहित नाही, खात नाही एवढंच" असं उत्तर दिलं की त्यांचं काम उगाच अवघड होतं. तर हे कसं ओळखायचं, किती थांबायचं आणि घरी काय करायचं ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: आत्ताच्या आत्ता पळायची वेळ आहे का

हे दोन मिनिटांत बघून होतं आणि हे बघितल्याशिवाय बाकी काहीही करू नका.

पोट फुगलेलं दिसतंय, हाताला टणक लागतंय, कुत्रा उलटी काढायचा प्रयत्न करतोय पण थोडा फेस सोडला तर काही बाहेर येत नाही, लाळ गळतेय, एका जागी बसवत नाहीये, असं असेल तर लेख वाचणं थांबवा आणि दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पोटात गॅस भरून जठराला पीळ बसतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा जातो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन असल्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं पण बाकीच्यांना होत नाही असं नाही.

तसंच हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या झाल्यात, श्वास घ्यायला त्रास होतोय, उभं राहवत नाही, फिट आली, उलट्या थांबतच नाहीयेत, शीमध्ये रक्त आहे, लघवीला बसतो पण होत नाही, किंवा त्याने औषध, उंदराचं विष, मोजा, बॉल, दोरा असलं काहीतरी गिळल्याचा संशय आहे, यातलं एक जरी असलं तरी "सकाळी बघू" म्हणायचं नाही. लस पूर्ण न झालेलं पिल्लू असेल आणि उलट्या, घाण वासाचे रक्ताचे जुलाब सुरू झाले असतील तर पार्वो (पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार) असू शकतो, तिथे तर प्रत्येक तास महत्त्वाचा.

दोन गोष्टी नवीन लोकांना माहितच नसतात. एक, ऑपरेशन न झालेली मादी, माज संपून काही आठवडे झालेत, आता जेवण सोडलंय आणि पाणी मात्र खूप पितेय, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर स्राव दिसेलच असं नाही, उलट स्राव दिसत नाही तेव्हा धोका जास्त कारण सगळं आतच साठतंय. दुसरी, कुत्र्याला डायबेटिस आहे आणि इन्सुलिन चालू आहे, त्याने जेवण नाकारलं तर नेहमीचं इंजेक्शन सवयीने टोचून मोकळं व्हायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन करून डोस विचारायचा. उपाशी पोटी पूर्ण डोस गेला तर साखर धाडकन खाली येते.

किती तास थांबायचं

वरचं काहीच नाही, कुत्रा मोठा आहे, पाणी पितोय, शेपटी हलवतोय, फिरायला चल म्हटलं की उठतोय, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. तब्येतीने चांगला मोठा कुत्रा एखादी वेळ, अगदी एखादा दिवससुद्धा न जेवता राहतो आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असं खातो. २४ तास पूर्ण झाले आणि अजूनही काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. ४८ तासांपर्यंत कोणी ताणू नये, मग तो कितीही मजेत दिसत असो. आणि पाणीही सोडलं असेल तर हा २४ तासांचा हिशोब रद्द, त्याच दिवशी न्यायचं.

पिल्लांचं गणित पूर्ण वेगळं. तीन चार महिन्यांच्या आतलं पिल्लू, त्यातही चिहुआहुआ, यॉर्की, टॉय पूडल अशी एवढीशी जात, यांच्या अंगात साठवलेली ताकद फारशी नसते, काही तास पोटात काही गेलं नाही तर रक्तातली साखर उतरते. पिल्लू मलूल होतं, झोकांड्या खातं, थरथरतं, कधी फिटही येते. अशा वेळी मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचं, फक्त चोळायचं, घशात ओतायचं नाही कारण अर्धवट शुद्धीत ते फुफ्फुसात जातं, आणि तसंच उचलून दवाखान्यात. साधं म्हणजे पिल्लाने एक जेवण सोडलं आणि ते खेळतंय तर पुढच्या जेवणाची वाट बघा, एक जेवण सोडलं आणि ते सुस्तही आहे तर वाट बघू नका.

म्हातारा कुत्रा किंवा आधीच किडनी, लिव्हर, हार्टचं काही चालू असलेला कुत्रा, यांच्या बाबतीतही पूर्ण २४ तास लावू नका, दोन जेवणं सोडली की फोन. (घरात मांजर पण असेल तर यातला कुठलाच हिशोब तिला लावू नका, मांजर एक दोन दिवस उपाशी राहिली तर लिव्हरवर चरबी चढायला लागते, तिचं प्रकरण जास्त घाईचं असतं.)

आता कुत्रा नीट तपासा

हे काम उजेडात करा, आणि एक जण धरायला असला तर बरं. कुत्र्याला जबरदस्तीने आडवा पाडायची गरज नाही, तो जिथे बसलाय तिथे तुम्ही खाली बसा.

ओठ हळूच वर करा आणि हिरडी बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोट तिच्यावर दाबून सोडलं की पांढरा ठिपका उमटतो आणि तो दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण बरोबर नाही. हिरडीला बोट लावल्यावर ती चिकट, कोरडी लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तिथे डोळ्याची खालची पापणी जराशी ओढून आतला रंग बघायचा. आणि खरं सांगायचं तर हे कुत्रा ठणठणीत असताना दोन चार वेळा बघून ठेवलेलं असलं पाहिजे, नाहीतर आजारपणाच्या दिवशी ऐनवेळी फिकट म्हणजे किती फिकट हे कळत नाही आणि माणूस गोंधळतो.

मग ताप. नाक गरम आहे, कोरडं आहे म्हणून ताप आहे हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि त्यावर अजिबात जाऊ नका, झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. डिजिटल थर्मामीटर घ्या, तो फक्त कुत्र्यासाठीच वेगळा ठेवा, टोकाला पेट्रोलियम जेली लावा आणि गुदद्वारात साधारण दोन सेंटिमीटर आत, हळू. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर आपल्यापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस. १०१.५ बघून घाबरणारे बरेच असतात, तो ताप नाही. १०३ च्या वर ताप धरायचा, १०४ च्या वर गेला की त्याच दिवशी डॉक्टर, आणि ९९ च्या खाली आला तरीही डॉक्टर. अपवाद फक्त दिवस भरलेल्या मादीचा, पिल्लं व्हायच्या आदल्या दिवशी तिचं टेंपरेचर उतरतं आणि ती जेवण पण सोडते, ते ठीक आहे.

श्वास मोजा, शांत झोपलेला असताना, छाती एकदा वर आली आणि खाली गेली की एक. मिनिटाला ३० च्या आत असायला हवेत.

त्यानंतर सगळ्या अंगावरून हात फिरवा. कानाच्या आत, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याच्या खाली, काखेत, गोचीड लपायच्या जागा या. गोचीड सापडली किंवा गेल्या काही आठवड्यांत सापडली होती, आणि आता ताप आहे, जेवण सोडलंय, हिरड्या फिकट आहेत, नाकातून रक्त आलं, पोटावर किंवा हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत, लघवी काळपट तांबूस होतेय, तर डॉक्टरांना गोचीड तापाची शंका पहिल्या वाक्यात सांगा. एर्लिकिया आणि बबेसिया हे यातले दोन नेहमीचे, दोन्हींवर औषध आहे पण दोघांचं औषध वेगळं आहे, म्हणून रक्त तपासल्याशिवाय कोणाचं तरी ऐकून गोळ्या चालू करायच्या नाहीत.

पोटावर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून बघा, कळवळला, वळून हाताकडे बघितलं, अंग चोरलं, पाठीची कमान केली तर पोटात दुखतंय. काही कुत्रे पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून उभे राहतात आणि घरच्यांना वाटतं आळस देतोय. एकदा केलं तर आळस, परत परत केलं आणि जेवण सोडलंय तर ते पोटदुखीचं लक्षण आहे, स्वादुपिंडाला सूज आली की हे दिसू शकतं, आणि बऱ्याचदा आदल्या दिवशी कोणीतरी प्रेमाने तळलेलं, चरबीवालं काहीतरी भरवलेलं निघतं.

खायचंय पण जमत नाहीये

हे ओळखायला भांडं ठेवून बाजूला होऊ नका, समोर बसून बघा. ज्याला जमत नाहीये तो कुत्रा आनंदाने येतो, भांड्यात तोंड घालतो, एक दाणा उचलतो, मान तिरकी करून एका बाजूने चावायला जातो आणि दाणा खाली पडतो. मग तो दाण्याकडे बघतो, परत उचलतो, परत पडतो, आणि शेवटी भांड्यापाशीच बसून राहतो. भूक आहे, तोंड साथ देत नाहीये. मऊ दिलं तर खातो, कडक दिलं तर सोडतो. तोंडाला वास येतो, लाळेत रक्ताची तार दिसते, पंजाने तोंड खाजवतो.

कारण बहुतेक वेळा दात. वरच्या जबड्यातला मोठा चावायचा दात हाड किंवा काहीतरी कडक चघळताना तुटतो आणि त्याच्या मुळाशी पू झाला की डोळ्याच्या खाली सूज येते, लोक डोळ्याला काहीतरी झालंय म्हणून डोळ्यात थेंब टाकत बसतात आणि दुखणं दाताचं असतं. कधी काठीचा तुकडा वरच्या दातांच्या दोन ओळींमध्ये टाळूला आडवा अडकलेला असतो. बारक्या पिल्लांचे चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात पडून नवीन येतात तेव्हा एक दोन दिवस कडक खायला कुरकुर होते, तिथे दाणे कोमट पाण्यात भिजवून दिले की काम होतं.

मान किंवा कंबर दुखत असेल तर खाली वाकणंच नको वाटतं, विशेषतः म्हाताऱ्या कुत्र्यांना. भांडं छातीच्या उंचीला धरून बघा, लगेच खाल्लं तर उत्तर मिळालं. सर्दीने नाक चोंदलं असेल तरी जेवणात रस जातो कारण कुत्र्याचं अर्धं जेवण वासावर चालतं.

एक गंभीर सूचना. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतोय, गिळता येत नाहीये, लाळ गळतेय, वागणं अचानक बदललंय, आणि रेबीजची लस झालेली नाही किंवा माहित नाही, तर घशात काहीतरी अडकलंय असं समजून तोंडात हात घालू नका. अजिबात नाही. त्याला वेगळं ठेवा, डॉक्टरांना फोनवर हे सगळं सांगा आणि ते म्हणतील तसं करा. त्याची लाळ हाताच्या जखमेला लागली किंवा तो चावला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि स्वतःसाठी लगेच माणसांच्या डॉक्टरकडे जा.

खायचंच नाहीये

इथे आजार असायची शक्यता सगळ्यात जास्त. हा कुत्रा भांड्यापाशी येतच नाही, किंवा येतो आणि वास आला की मान मागे घेतो. मळमळतंय हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत, सारखे ओठ चाटणं, काही नसताना गिळणं, लाळ, जमीन चाटणं, गवत शोधत फिरणं, जेवण समोर आलं की उठून दुसऱ्या खोलीत जाणं.

यामागे जंतांपासून किडनीपर्यंत काहीही असू शकतं आणि घरी बसून त्याचं निदान होत नाही, ते करायचा प्रयत्नही करू नका. तुम्ही फक्त डॉक्टरला उपयोगी पडेल असं बघून ठेवा. त्यातलं सगळ्यात उपयोगी म्हणजे पाणी. सकाळी मापाने पाणी भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटरच्या आसपास. ओलं जेवण असेल तर कमी, उन्हात किंवा पळापळ झाली तर जास्त. पण किलोमागे १०० मिलीच्या वर जात असेल आणि जेवण सोडलं असेल तर किडनी, डायबेटिस, गर्भाशयातला पू अशा गोष्टी डॉक्टर आधी तपासतील, आणि तुमच्या हातात आकडा असला तर त्यांचा अर्धा तास वाचतो.

मळमळणाऱ्या कुत्र्यापुढे दहा प्रकार मांडायचे नाहीत. लोक इथे मायेपोटी मोठा घोळ घालतात. आत्ता त्याला वासानेच ढवळतंय, त्यात तुम्ही समोर चिकन धरलंत की त्याच्या डोक्यात चिकन आणि मळमळ यांची गाठ बसते आणि बरा झाल्यावरही तो चिकन नाकारतो. वास घेऊन तोंड फिरवलं तर भांडं उचला, एक दोन तासांनी परत बघा. त्याचा सगळ्यात लाडका पदार्थ तर अशा दिवशी बाहेरच काढू नका, तो बरा व्हायला लागला की लागणार आहे.

आजार नसतानाही जेवण कमी होतं

लस दिल्यावर एक दोन दिवस सुस्ती आणि कमी जेवण, चालतं. उकाडा वाढला की कमी खातात. नवीन घरी आणलेला कुत्रा पहिले दोन तीन दिवस नीट जेवत नाही, त्याला कोपरा द्या, पाणी द्या आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या डोक्यावर उभं राहून "खा ना, खा ना" करू नका. (पिल्लू असेल तर वर सांगितलेला हिशोब लागूच आहे, नवीन आहे म्हणून दोन दिवस सोडायचं नाही.) घरातलं माणूस गावाला गेलं, सामान हललं, मोठे आवाज झाले, मादी माजावर आली किंवा आजूबाजूची कुठली तरी माजावर आहे आणि तुमचा नर दारात बसून उसासे टाकतोय, ही सगळी कारणं. गाभण मादीचं तिसऱ्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास काही दिवस जेवण उतरतं. पिल्लाचं वय सहा महिन्यांच्या पुढे गेलं की वाढ मंदावते आणि भूकही, पाकिटावरचं माप जुनंच चालू असेल तर भांड्यात उरणारच.

नवीन औषध चालू झालंय का हे पण आठवा. अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्यांनी भूक मरते. पण दुखण्याची गोळी चालू असताना जेवण सुटलं, उलटी झाली किंवा शी काळी डांबरासारखी झाली तर पुढचा डोस थांबवून आधी फोन करा.

आणि जेवणाचाही वास घ्या हो. ड्राय फूडची पिशवी उघडी राहिली की त्यातली चरबी खवट होते, आपल्याला लगेच कळत नाही, त्याला कळतं. ब्रँड एकदम बदललाय का? बदलायचा असेल तर जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवस घ्यावेत. भांडं नवीन आहे, उग्र साबणाने धुतलंय, दुसऱ्या कुत्र्याच्या भांड्याला चिकटून ठेवलंय, असल्या फालतू वाटणाऱ्या गोष्टींनीही अडतं. भित्रा कुत्रा पट्ट्यावरचा बिल्ला स्टीलच्या भांड्यावर टणटण वाजतो म्हणून जेवण सोडतो, पट्टा काढला की जेवतो.

आणि आता नखरे

हे शेवटी मुद्दाम घेतलंय, कारण वरचं सगळं बघून झाल्याशिवाय कुत्र्याला नखरेल म्हणायचं नाही. नखरेल कुत्रा उड्या मारतो, वजन टिकून असतं, शी लघवी नॉर्मल, आणि मुख्य म्हणजे ट्रीटचं पाकीट वाजलं की तीन खोल्या ओलांडून येतो. आजारी कुत्रा सहसा असं करत नाही. सहसा म्हणतोय, कारण दात दुखणारा कुत्रा मऊ ट्रीट खातो आणि कडक दाणे सोडतो, मग घरचे म्हणतात बघा, नाटकं करतोय.

हे नखरे तयार कसे होतात ते बघा. एक दिवस खाल्लं नाही, तुम्ही वर चिकन घातलं. दुसऱ्या दिवशी तो थांबला, तुम्ही चीज घातलं. तो हुशार आहे, त्याला कळलं की थांबलं की मेनू सुधारतो. त्यात घरातला प्रत्येक जण गुपचूप काहीतरी देतोय. ५ किलोच्या कुत्र्याला अख्ख्या दिवसाला साधारण ३५० ते ४०० कॅलरी लागतात आणि ३० ग्रॅम चीजमध्येच १२० च्या आसपास असतात. दोन जणांनी तेवढं तेवढं दिलं की निम्म्याच्या वर जेवण झालं, तो भांड्यातलं खाणार कुठून! ट्रीट दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायची असते. एक दिवस सगळ्यांनी आपण काय काय दिलं ते कागदावर लिहा, भांडणं होतील पण बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

उपाय कंटाळवाणा आहे. दोन ठरलेल्या वेळा, भांडं खाली, १५ ते २० मिनिटं, त्याच्याकडे बघायचंही नाही, नाही खाल्लं तर काही न बोलता उचला, मध्ये काही नाही, पाणी कायम. बहुतेक कुत्रे एक दोन दिवसांत वठणीवर येतात, घरातली आजी वठणीवर यायला जास्त वेळ लागतो. पण २४ तासांचा नियम इथेही लागू, आणि पिल्लू, म्हातारा, हडकुळा किंवा आजारी कुत्रा यांच्यावर हा प्रयोग करायचाच नाही.

घरी काय करून बघायचं

थांबायला हरकत नाही असा कुत्रा असेल तर आधी एक छोटी फेरी मारून आणा, पुष्कळ वेळा तेवढ्यानेच भूक उघडते. जेवण कोमट करा, बोट बुडवलं तर जेमतेम उबदार लागेल एवढंच, गरम झालं की वास सुटतो आणि अर्धं काम तिथेच होतं. दाण्यांवर कोमट पाणी किंवा चिकन उकडलेलं साधं पाणी घाला, त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको.

पोट थोडं बिघडलेलं वाटत असेल तर हाड आणि कातडं काढलेलं उकडलेलं चिकन आणि मऊ भात, भात जास्त चिकन कमी. एकदम भांडंभर देऊ नका, आधी एक दोन चमचे, पोटात टिकलं तर दोन तासांनी परत. उलटी होऊन गेली असेल तर पोटाला काही तास आराम देऊन मग सुरू करा, पिल्लाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नका. हे साधं जेवण दोन तीन दिवसांपुरतं, महिनोन्महिने फक्त चिकन भात दिला तर कॅल्शियमपासून सगळ्याची बोंब होते.

जबरदस्ती करायची नाही. सिरिंजने तोंडात पेज ढकलणं बघायला सोपं वाटतं पण मळमळणाऱ्या किंवा अशक्त कुत्र्याच्या श्वासनलिकेत ते गेलं की न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी सांगितलं आणि दाखवलं तरच.

माणसांच्या गोळ्या नाहीत म्हणजे नाहीत. ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉल, दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनी जाते, पॅरासिटामॉल लिव्हरवर उठतं. मोह घालण्यासाठीसुद्धा द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण, शिजवलेलं हाड नको, आणि पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते वाचा, ते कुत्र्याला विष आहे.

डॉक्टरकडे जाताना

मोबाईलवर चार ओळी लिहून न्या. शेवटचं पोटभर जेवण कधी, त्यानंतर काय काय नाकारलं आणि काय खाल्लं, पाणी किती, उलटी किती वेळा आणि कशी, शी लघवी शेवटची कधी, टेंपरेचर किती, कुठली औषधं चालू, लस आणि जंताचं औषध कधी झालं, घरातली कुठली वस्तू गायब आहे का. "परवापासून जरा डल आहे" यापेक्षा "सोमवारी रात्री पूर्ण जेवला, मंगळवारी सकाळी वास घेऊन सोडलं, दुपारी एक पिवळी उलटी, रात्री ओठ चाटत होता" हे दहापट कामाचं. जेवताना दाणा पाडतोय त्याचा व्हिडिओ घ्या, कारण दवाखान्यात घाबरून तो हे काहीच करून दाखवणार नाही. उलटीचा आणि शीचा फोटो पण घ्या, लाजू नका, डॉक्टरांचं रोजचंच आहे ते.

तिथे तोंड आणि पोट तपासतील, रक्त घेतील, गोचीड तापासाठी स्लाइड बघतील, काही गिळल्याची शंका असली तर एक्स रे किंवा सोनोग्राफी. मळमळ थांबवायचं इंजेक्शन दिलं तर पुष्कळ कुत्रे त्याच दिवशी खायला लागतात. भूक वाढवायची औषधं पण आहेत, कॅप्रोमोरेलिन नावाचं खास कुत्र्यांसाठीचं औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं, पण सगळीकडे मिळेलच असं नाही आणि कारण न शोधता भुकेचं औषध मागू नका, आतड्यात मोजा अडकला असेल तर भूक वाढवून काय करणार. निघताना विचारून घ्या, आज किती आणि काय खायला द्यायचं, औषध जेवणाआधी की नंतर, आणि त्याने नाहीच खाल्लं तर किती तासांनी परत यायचं.

भूक परत आली की पहिल्याच दिवशी आनंदाने भांडं भरू नका. नेहमीच्या पाव हिश्श्यापासून सुरू करा, दिवसातून तीन चार वेळा थोडं थोडं, आणि दोन तीन दिवसांत पूर्ण मापावर या. वजनावर लक्ष ठेवा, कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर. खातोय पण निम्मंच, आणि आठवडाभर हेच चाललंय, वजनही उतरतंय, तर "खातोय की" म्हणून सोडून देऊ नका, परत दाखवा.